तिसरं कोटेशन

ओहायोची ऑफर आली तेव्हा आमची मुलगी बाल्कनीत गोलकीपरचे पॅड वाळत घालत होती. घोट्यापासून मांडीपर्यंत येणारे ते फोमचे जाडजूड पॅड घामानं भिजायचे, आणि त्यांच्या वासाबद्दल खालच्या मजल्यावरच्या आजींनी हाउसफरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडे, दोनदा लेखी तक्रार केली होती. दोन्ही वेळा मी त्याहून लांब उत्तर लिहिलं. दुसऱ्या उत्तरानंतर आजी जिन्यात मला आधी 'हालो' म्हणायला लागल्या.

मेल मी आधी वाचली. दुसऱ्याची मेल वाचू नये हे मला कळतं, पण या कामासाठी तो पत्ता मीच काढून दिला होता आणि पासवर्डही मीच ठरवला होता. तिच्या फोनवर तो पत्ता मी उघडून दिला होता, पासवर्ड मात्र सांगितला नव्हता. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या कोचबाईंनी लिहिलं होतं, की तुमचे व्हिडिओ पाहिले, आम्हाला तुम्ही संघात हव्या आहात, फीचा निम्म्याहून जास्त भाग आम्ही उचलू.

मी इतक्या जोरात ओरडले की मुलीच्या हातातला पॅड खाली आजींच्या कुंडीत पडला.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहतो. नवरा शेजारच्या गावी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मी एका लहान कंपनीच्या आइनकाउफमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात. गाड्यांच्या दारांना लागणारी रबरी सीलं, त्यांना इथे डिश्टुंग म्हणतात, ती मी विकत घेते. सहाव्या वर्षी मुलीला हॉकीला घातलं ते घरात भिंतीवर चेंडू मारत होती म्हणून. अकराव्या वर्षी ती गोलमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. जर्मनीतल्या मुलींच्या हॉकीवर अमेरिकेतल्या विद्यापीठांचा डोळा असतो. आमच्याकडे येऊन खेळा, शिका, फीचं आम्ही बघतो, असा तो व्यवहार.

त्या वर्षी तिच्या संघात एक रीतच पडून गेली होती. ऑफर आली की ती इन्स्टाग्रामवर टाकायची. विद्यापीठाच्या रंगाची पाटी, हातात स्टिक घेतलेला फोटो, आणि खाली इंग्रजीत ठरलेलं वाक्य, की अमुक ठिकाणाहून ऑफर आली याबद्दल मी फार कृतज्ञ आहे. जायचं की नाही ते मागाहून. पाच ऑफर आल्या तर पाच पोस्ट, आणि जिथे जायचं पक्कं होईल त्याची सहावी. मला हे बघताक्षणी आवडलं. खेळ सोडून बाकी सगळं मला त्यात ओळखीचं होतं.

"टाक आत्ताच्या आत्ता," मी म्हणाले.

मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते जर्मन. ती म्हणाली, "अजून काही ठरलेलं नाही, आई."

"म्हणूनच टाक. ठरल्यावर टाकून काय उपयोग?"

"आणि नाहीच झालं तर? सगळे विचारतील."

"विचारू देत! आली होती हे तर कुणी नाकारणार नाही ना? आली होती ना? मग टाक!"

माझा आवाज चढला होता. का चढला हे तिला माहीत नव्हतं. सांगायचं तर मला सोळाव्या वर्षापर्यंत मागे जावं लागेल, सांगलीजवळच्या आमच्या तालुक्याच्या गावी. मी खो-खो खेळायचे. खांबावरून सूर मारण्यात माझा हात धरणारी जिल्ह्यात नव्हती, हे मी नाही, आमच्या मास्तरीणबाई सांगायच्या. त्या साली राज्याच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. पत्र घरी आलं. वडील नव्हते, घर माझ्याहून बारा वर्षांनी मोठा असलेला दादा चालवत होता, आणि त्याचा लहानसा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा. पत्र त्याच्या हातात पडलं. त्यानं ते छापखान्याच्या खणात ठेवून दिलं. दहावीचं वर्ष आहे, उगाच गाजावाजा नको, असं म्हणे त्याच्या मनात आलं. शिबिर सुरू होऊन चार दिवस झाल्यावर मास्तरीणबाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काय गं, गेली नाहीस?"

मी खेळ सोडला. डिप्लोमा केला, भोसरीत एका कारखान्यात खरेदीला लागले, ओतीव भागांच्या भावावरून पुरुषांशी भांडायला शिकले, आणि भांडत भांडत इथवर आले. दादाशी मी बोलणं कधी टाकलं नाही. सणासुदीला फोन, तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे. पण त्या पत्राबद्दल त्यानं कधी तोंड उघडलं नाही आणि मीही नाही. गावात कुणालाच माहीत नव्हतं की माझी निवड झाली होती. जे कुणाला माहीत नाही ते झालंच नाही, हे मी सोळाव्या वर्षी शिकले.

तर मुलीनं पोस्ट टाकली. तासाभरात तिच्या सगळ्या संघानं बदाम पाठवले. मी तीच पोस्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांचे अंगठे आले, आणि शेवटी दादाचं आलं: 'अजून पक्कं नाही ना? मग आत्ताच जगाला कशाला सांगायचं?'

मी फोन सोफ्यावर फेकला. नवरा तिथे बसला होता. त्यानं तो उचलला, वाचला आणि परत ठेवला.

"काही बोलू नका," मी म्हणाले.

"अगं मी कुठे बोललो?"

"बोलणार होतात!"

पोस्टचा उपयोग मात्र मी म्हटलं होतं तसाच झाला. दहा दिवसांत व्हर्जिनियातल्या एका कोचचा निरोप आला, की ओहायोनं ऑफर दिल्याचं पाहिलं, आमच्याकडेही जागा आहे. पुढच्या आठवड्यात त्यांची ऑफर आली, ओहायोपेक्षा थोडी वरची. मी आनंदानं स्वयंपाकघरात शिट्टी वाजवली. बाजार उघडला होता.

माझ्या कामाचा एक नियम आहे. तीन कोटेशनं हातात असल्याशिवाय मी काहीही घेत नाही. इथे त्याला आंगेबोट म्हणतात, नियम तोच. एक कोटेशन म्हणजे मेहेरबानी, दोन म्हणजे अडवणूक, तीन आली की मग आपण खुर्चीत मागे टेकून बसायचं. कॅलिफोर्नियाच्या एका कोचशी मेलामेली चालू होती. त्या म्हणाल्या होत्या, आमच्या समितीचं ठरलं की सोमवारी कळवते. कुठला सोमवार ते काही लिहिलं नव्हतं. तोवर ओहायोकडून आणखी काढायचं असं मी ठरवलं.

ओहायोच्या कोचबाईंशी स्काइपवर बोलणं ठरलं दुपारी चार वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी. मी मुलीला सांगितलं, तू बोल, मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसते. कोचबाई पन्नाशीच्या, लहान केसांच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्या स्वतः गोलकीपर होत्या आणि त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. आमच्या मुलीनं आपली डावी करंगळी धरून दाखवली. तीही वाकडी होती, दोन वर्षांपूर्वी लुडविग्सबुर्गच्या सामन्यात झालेली. दोघी जणी अशा हसल्या, जणू एकाच गावच्या निघाल्या. मग त्या पायांच्या हालचालीबद्दल बोलायला लागल्या, आणि पंचवीस मिनिटं झाली तरी मूळ विषय निघेना. शेवटी मी खुर्ची सरकवून कॅमेऱ्यात आले.

"नमस्कार, मी आई. व्हर्जिनियानं यापेक्षा बरं दिलंय. तुमचं शेवटचं काय?"

मुलीनं डोळे मिटले.

कोचबाई हसल्या. थांबल्या. म्हणाल्या, "पुस्तकं आणि उन्हाळ्यातलं राहणं आम्ही त्यात घालू शकतो. त्यापलीकडे माझ्या हातात नाही."

आता इथे माझं ठेवणीतलं हत्यार. समोरच्यानं शेवटचं सांगितलं की मी काही बोलत नाही. नुसती बघत राहते. चेहरा हलू द्यायचा नाही, पापणीसुद्धा नाही. डिश्टुंगवाले भलेभले लोक चाळिसाव्या सेकंदाला आणखी खाली येतात. मी तशी बसले. दहा सेकंद. वीस. तीस.

"हॅलो?" कोचबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय का? चित्र थिजलंय वाटतं."

मी हलले नाही.

"अरेरे, लाइन गेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कॉल बंद केला.

मुलगी टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती ते पहिल्यांदा कळेना. हसतच होती. नवरा दारात उभा राहून हसत होता. मग मलाही हसू आलं, पण मी ते बाहेर येऊ दिलं नाही.

व्हर्जिनियाची ऑफरही पोस्ट कर, असं मी तिला सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नाही. ओहायोच्या कोचना ती पोस्ट दिसणार हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं, त्यासाठीच तर टाकायची होती. दोन दिवस आमचं भांडण चाललं. तिचा लाडका शब्द 'पाइनलिश', लाज आणणारं, तो त्या दोन दिवसांत मी किती वेळा ऐकला त्याला गणती नाही. शेवटी ती किंचाळली, "आई, मी गोलकीपर आहे! डिश्टुंग नाही!"

"डिश्टुंग असतीस तर एव्हाना तुझा सौदा झाला असता!" मी म्हणाले.

तिनं पोस्ट टाकली, दार आपटून.

गुरुवारी सकाळी ओहायोहून मेल आली. दोन ओळी. व्हर्जिनियाबद्दल अभिनंदन, तिकडे जायचं ठरलं असेल तर मनापासून शुभेच्छा, माझ्याकडे आणखी एक गोलकीपर वाट बघते आहे, तिला मी उद्या संध्याकाळनंतर थांबवू शकत नाही.

मुलगी शाळेला जायच्या आधी स्वयंपाकघरात उभी राहून ती मेल वाचत होती. "मला तिथेच जायचंय," ती म्हणाली.

"जाशील की. पण सोमवारपर्यंत दम धर. तिसरं येऊ दे."

"उद्यापर्यंतच वेळ आहे."

"सगळे सप्लायर हेच म्हणतात. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. कधी कुणी उभं नसतं."

"आणि असलं तर?"

माझी बस होती, मी निघाले. खरं सांगायचं तर तिच्यासाठी हा सौदा नव्हता. तिला त्या बाईच्या हाताखाली उभं राहायचं होतं, त्या वाकड्या करंगळीच्या. आणि माझ्या हट्टापायी ते गेलं असतं तर तिनं मला काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी दादाला तेच म्हणत आले होते, फक्त मनात. पण हे सगळं मला बसमध्ये सुचलं नाही. बसमध्ये मी कॅलिफोर्नियाला आठवणीची मेल लिहीत होते.

शुक्रवारी साडेअकराला माझी एका सप्लायरबरोबर बैठक होती. टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरायला लागला. थांबेना. मी सरळ केला. घरच्या ग्रुपवर त्रेचाळीस संदेश. पहिलाच एक फोटो होता.

आमच्या गावचा मुख्य चौक, आणि त्यात विजेच्या दोन खांबांना बांधलेला फ्लेक्स. दादाच्या छापखान्याचं गेल्या काही वर्षांत फ्लेक्सचं दुकान झालं होतं. वाढदिवस, निवडी, पुण्यतिथी, गावातलं सगळं त्याच्याकडेच छापलं जातं. या फ्लेक्सच्या मधोमध आमची मुलगी, दोन माणसांएवढी, गोलकीपरच्या सगळ्या पोशाखात. डोक्यावर जाळीचं हेल्मेट, त्यामुळे चेहऱ्यातलं नाकसुद्धा दिसत नव्हतं. पाठीमागे अमेरिकेचा झेंडा, विमान आणि का कोण जाणे एक वाघ. वर पिवळ्या अक्षरांत: 'ओहायो (अमेरिका) येथील विद्यापीठाच्या हॉकी संघात निवड झाल्याबद्दल आमच्या भाचीचे हार्दिक हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची मुंडकी: दादा, वहिनी, तालमीचे अध्यक्ष, दोन नगरसेवक, पेढेवाले.

सप्लायर काहीतरी बोलत होता. मी "मोमेंट" म्हणून बाहेर पडले ती थेट पार्किंगमध्ये.

हे नुसतं एका मामाचं कौतुक नव्हतं हे कळायला गावचं माणूस लागतं. आमच्याकडे साखरपुडा झाल्यावर लग्नं मोडलेली आहेत. तिकीट मिळालेल्या उमेदवारांनी माघार घेतलेली आहे. पण चौकात फ्लेक्स लागल्यावर एखादी गोष्ट मागे गेली असं मी कधी ऐकलेलं नाही. माघार घेतली तर ज्याचा लागला तो दुसऱ्या दिवशी चौकातून जाऊच शकणार नाही. आणि दादानं तो फोटो फेसबुकवर टाकून भाचीला टॅग केलं होतं. भाचीनं तो उचलून आपल्या इन्स्टाग्रामवर लावला होता.

मी दादाला फोन लावला.

"काय केलंस हे?" मी अशा आवाजात ओरडले की दोन ओळी पलीकडे गाडीत बसणारा आमच्या हिशेब खात्याचा माणूस परत बाहेर आला.

"लावला," दादा म्हणाला.

"कुणाला विचारून? माझी बोलणी चाललीत! सोमवारी तिसरं येणार होतं! आणि तू, तू म्हणत होतास ना, पक्कं झाल्याशिवाय सांगू नये?"

"पक्कं झालंय की. पोरीनं काल फोन केला. म्हणाली, मामा, मला ओहायो पाहिजे, आईची घासाघीस थांबत नाही. एवढं मराठी बोलली बघ, सगळं. मी म्हटलं, तू जा अभ्यासाला, मी बघतो."

"बघतो म्हणजे फ्लेक्स?"

"मग तुला दुसरं कशानं थांबवायचं? तुझ्याशी बोलून आजवर कोण जिंकलंय?"

हिशेब खात्याचा माणूस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आलेस गुट?" सगळं ठीक ना? "गेनाऊ, गेनाऊ," हो, अगदी, असं मी त्याला म्हणाले आणि पाठ फिरवली.

"माझ्या पोरीच्या बाबतीत तू ठरवणार?" मी फोनमध्ये म्हणाले. "एकदा माझ्या बाबतीत ठरवलंस ते पुरलं नाही?"

निघालं. इतकी वर्षं दातांमागे धरलेलं ते जर्मनीतल्या एका पार्किंगमध्ये भर दुपारी निघालं. मला वाटलं, आता हा तब्येत आणि पाऊस काढणार.

"फ्लेक्स नीट वाचलास का?" दादा म्हणाला.

"वाचला."

"खालचा डावा कोपरा वाचलास?"

मी फोन कानापासून दूर केला, फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. पेढेवाल्यांच्या बाजूला एक लहान गोल होता. त्यात दोन वेण्यांची, खाकी चड्डीतली, खांबाला धरून उभी असलेली एक हडकुळी मुलगी. शाळेच्या गॅदरिंगला काढलेला माझा तो फोटो मी स्वतः कधी पाहिला नव्हता. खाली लिहिलं होतं: 'राज्य खो-खो शिबिरासाठी निवड झालेल्या आपल्या गावच्या खेळाडूची कन्या.'

मी एका गाडीच्या बॉनेटला टेकले.

"फोटो खणात पत्राबरोबर होता," दादा म्हणत होता. "तेव्हा गप बसलो. लई वाईट केलं. मागाहून सांगायचं कसं तेच कळंना. म्हटलं आता चौकातच सांगावं. सकाळपासून लोक विचारतायत, व्हय का हो, तुमची बहीण राज्याला निवडली होती? म्हटलं, व्हय. मीच जाऊ दिली नाही."

"असं सांगितलंस लोकांना?"

"मग काय खोटं सांगू?"

मला तेव्हा काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. पण मी आहे ती आहे. नाक पुसलं आणि म्हणाले, "माझं अक्षर पेढेवाल्याच्या अक्षरापेक्षा बारीक आहे."

"पेढेवाल्यानं वर्गणी दिलीय."

"मी निवड दिलीय! मोठं कर."

"आता छापून झालंय न्हवं?"

"दुसरा छाप. दुकान तुझंच आहे. आणि तो वाघ काढ."

"वाघ राहू दे, चांगला दिसतोय."

"बरं, वाघ राहू दे. पण माझं अक्षर दुप्पट. आणि ते पत्र मला पाहिजे. फोटो नको, खरं."

"येऊन घेऊन जा," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता मोकळा झाला होता, आणि लहानपणी चिंचांच्या वाटणीत व्हायचा तसा लबाडही. "पोष्टानं देत नसतो. दिवाळीला ये. महिनाभर राहा."

"दहा दिवस."

"तीन आठवडे. सहा वर्षं आली नाहीस."

आमचा सौदा सतरा दिवसांवर ठरला. मी परत वर गेले, सप्लायरला म्हणाले, तुमचा भाव मान्य आहे. माझ्या नोकरीत असं मी पहिल्यांदा म्हणाले. तो घाबरून स्वतःच थोडा खाली आला.

दुपारी चारला मेलच्या त्या पत्त्यावर ओहायोचं उत्तर पडलं होतं. कोचबाईंनी फ्लेक्स पाहिला होता. त्यांना एक अक्षर वाचता आलं नव्हतं, पण झेंडा, विमान आणि हेल्मेट पुरेसं होतं. त्यांनी विचारलं होतं, 'मला वाटतंय तेच आहे ना हे?' खाली मुलीचं उत्तर होतं, एकाच शब्दाचं, हो. आणि त्याखाली परत कोचबाई: आमच्या संघाच्या खोलीत लावायला हा बॅनर मिळेल का? मोजमाप कळवा. आईला सांगा, ही माझी शेवटची ऑफर आहे.

संध्याकाळी मी मैदानावर तिला घ्यायला गेले. उन्हाळ्याची लांब संध्याकाळ, पाणी मारलेली कृत्रिम हिरवळ चमकत होती. ती गोलमध्ये उभी राहून बचावाच्या मुलींवर जर्मनमध्ये आरडाओरडा करत होती. तो आवाज कुणाकडून आलाय हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. मला पाहिल्यावर ती हेल्मेट काढून हळूहळू जाळीपाशी आली. नवराही स्टँडमध्ये बसलेला होता. हेल्मेटचा तो फोटो गावाला कुणी पाठवला, असं मी त्याला विचारलं, तर तो एकदम सराव मन लावून बघायला लागला.

मुलीनं जाळीला बोटं अडकवली. "खूप रागावलीस?" तिनं विचारलं. मराठीत.

"हो."

"किती दिवस?"

"पंधरा."

"तीन," ती म्हणाली.

"तीन? माझ्या पाठीमागे मामाला फोन करतेस आणि तीन? दहा."

तिनं काही उत्तर दिलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. चेहरा हलला नाही, पापणी हलली नाही. मागे मुली तिला हाका मारत होत्या, ती वळली नाही. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"बरं, पाच," मी म्हणाले.

तरी ती तशीच.

"चार. आणि पॅड तू धुवायचे. बाल्कनीत नाही."

"चालेल," ती म्हणाली, आणि हेल्मेट चढवून पळत गोलकडे गेली.

त्या रागाचा चौथा दिवस सोमवारी होता. संध्याकाळी कचेरीतून निघता निघता कॅलिफोर्नियाची मेल येऊन पडली, सविस्तर, आकड्यांसकट. मी ती नीट दोनदा वाचली. त्यात काय होतं ते मी आजवर मुलीला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही आणि दादाला तर मुळीच नाही. आभाराचं छोटं उत्तर लिहिलं, मेल पुसून टाकली आणि त्या पत्त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून घरी आल्यावर मुलीच्या टेबलावर ठेवला.

तिसरं कोटेशन आलं होतं. नियम मोडला नव्हता.